झाडे लावा, परंतु कोणती?

(वनमहोत्सवाच्या निमित्ताने सत्तरी तालुक्यातील एका ग्रामीण विद्यालयात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



 १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवास प्रारंभ केला. तेव्हापासून दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर रोपे लावली जातात, भाषणे होतात आणि भिंतीभिंतींवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे वाक्य झळकते. प्रसिद्धी अधिकारी या नात्याने हे वाक्य मी किती फलकांवर लिहवून घेतले असेल, याची गणती नाही. वाक्य चांगले आहे. परंतु ते अपुरे आहे. कोणते झाड लावायचे, हे ते सांगत नाही. आज मला त्या राहिलेल्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करतो. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे, आणि माझे काम तज्ज्ञांचे सांगणे आपल्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे आहे. तथापि या विषयात माझ्याही हातून दोन चुका घडल्या आहेत. त्या प्रामाणिकपणे सांगितल्या, तर तज्ज्ञांचे म्हणणे आपणांस अधिक पटेल असे मला वाटते.

सड्यावरची बाभूळ

मी तिसरीत होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेत असाच वनमहोत्सव झाला. काळ्या पिशव्यांतील रोपे आली आणि आम्हां मुलांना रांगेने गावामागच्या सड्यावर नेण्यात आले. प्रत्येकाने एकेक रोप लावले. ते होते ऑस्ट्रेलियन बाभळीचे. कोणी पाणी घातले नाही, कोणी कुंपण केले नाही. तरीही जवळजवळ सर्व रोपे जगली. गुरांनी त्यांना तोंड लावले नाही. चार-पाच वर्षांत सडा हिरवागार दिसू लागला. गुरुजींना अभिमान वाटला आणि आम्हांलाही वाटला.

मागल्या चवथीच्या आधी माटोळीचे साहित्य आणण्यासाठी मी त्याच सड्याच्या उतारावर गेलो. लहानपणी वडिलांबरोबर तेथूनच आम्ही कवंडळे, कांगले, शेरवड आणीत होतो. तेथे आता बाभळीच्या वाळक्या पानांचा वीतभर जाड थर पडला आहे. ती पाने लवकर कुजत नाहीत. त्यांच्याखाली गवत उगवत नाही. श्रावणात सड्यावर निळ्या-जांभळ्या चिमुकल्या फुलांचा जो गालिचा पसरत असे, ज्यांना आपण सीतेची आसवे म्हणतो, तो त्या झाडांच्या सावलीत कोठेच दिसला नाही. आमचे थोरले काका आयुष्यभर गुरे राखत आले. ते मला म्हणाले, “तुम्ही पोरांनी लावलेली झाडे जगली रे, पण आमच्या गुरांना चरायला जागा राहिली नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्या वेळी ज्यांनी ही रोपे वाटली, त्यांचा हेतू वाईट नव्हता. सरपणाची टंचाई होती, जंगलावरचा भार हलका करावयाचा होता, आणि ही बाभूळ निकृष्ट जमिनीतही झपाट्याने वाढते, नत्र स्थिर करते, जळाऊ लाकूड देते. खाणींतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरही गोव्यात हेच झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ज्या उघड्या ढिगाऱ्यावर दुसरे काही उगवत नाही, तेथे त्याचा उपयोग झालाही असेल. परंतु सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तो पावसाळी फुलांचा, गवताचा, कीटकांचा आणि पाणी मुरवणाऱ्या जांभ्या दगडाचा एक नांदता संसार आहे. त्याला ओसाड समजलो, ही आपली पहिली चूक.

सारेच परके वाईट नव्हेत

आता कोणी विचारील, परदेशी झाडांवर एवढा रोष का? तर तसा रोष मुळीच नाही. आपल्या गोव्याची ओळख असलेला काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. मिरची, बटाटा, पपई, पेरू, अननस ही सारी अमेरिका खंडातून आली. दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच, आणि देवळाच्या प्रांगणातला चाफाही. ही मंडळी आपल्याकडे आली, आपल्या स्वयंपाकघरात आणि देवघरात रुळली. त्यांच्याविना आज आपले चालणार नाही.

प्रश्न आहे तो वेगळ्याच वनस्पतींचा. शास्त्रज्ञ त्यांना ‘आक्रमक परकीय वनस्पती’ म्हणतात. म्हणजे ज्या माणसाच्या हाताने दुसऱ्या प्रदेशातून आल्या, लावलेल्या जागी न थांबता आपोआप पसरल्या, आणि पसरताना तेथील मूळच्या वनस्पती, प्राणी व माणसाची उपजीविका यांना अपाय करू लागल्या. त्यांच्या मूळ देशात त्यांना खाणारे किडे असतात, रोग असतात, बरोबरीने झगडणारी झाडे असतात. येथे त्यांपैकी काहीच नसते. मग वाढीला आवर कोण घालणार?

२०२३ साली जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने या विषयावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जीवजातींची संख्या ३७,००० हून अधिक असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती अपायकारक ठरल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दहांतील एकच. परंतु त्या एकामुळे होणारे नुकसान २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरांवर गेले होते.

बागेतून रानात

आपल्या रानांत आज ज्या वनस्पतींचे थैमान आहे, त्यांपैकी कितीतरी प्रथम शोभेसाठी आल्या, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात सुंदर फुलांचे झुडूप म्हणून लावली गेली. तिची काळी फळे पक्ष्यांनी खाल्ली आणि बिया देशभर नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासातील चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिने व्यापले आहे. तिचा पाला गुरांनी खाल्ला तर यकृताला बाधा होते, हे आपल्यातील गुरे पाळणाऱ्यांना सांगावयास नको.

रानमोडीही अशीच. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बागेतील वनस्पती म्हणून भारतात आले. आज काजूच्या बागायतीत कोयती घेऊन शिरणाऱ्याला पहिली झुंज तिच्याशी द्यावी लागते. हिवाळ्यात ती फुलते, तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते आणि उन्हाळ्यात तिचे दांडे वाळून खडखडीत होतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक भागांत वणवे लागले. ते रानमोडीमुळे लागले असे मी म्हणत नाही. परंतु एकदा ठिणगी पडली की वाळलेली रानमोडी आगीला खाद्य पुरवते, हे डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जलपर्णीची कथाही निराळी नाही. दक्षिण अमेरिकेतील ही पाणवनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या मोहक जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आणली गेली. अनुकूल परिस्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. पुण्याच्या पवना आणि मुळा-मुठा या नद्यांवर तिचा गालिचा पसरलेला आपण पाहिला असेल. त्याखालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, प्राणवायू मिळत नाही. मासे गुदमरतात आणि डास मात्र वाढतात.

निवडुंगाचा इतिहास तर ऐकण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या कंपनीला लाल रंग देणारा कोचिनिल किडा भारतात वाढवावयाचा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले. परंतु ते भलत्याच जातीचे निघाले. चांगला रंग काही मिळाला नाही. मात्र त्या किड्यांनी येथे पसरलेला एका जातीचा निवडुंग खाऊन त्याला आळा घातला. हा योगायोग होता. असा योगायोग प्रत्येक वेळी आपल्या मदतीस धावून येईल, या भरवशावर राहता येणार नाही.

गुण तेच अवगुण

शोभेसाठी आणलेली झाडे जशी पसरली, तशी उपकारासाठी आणलेलीही पसरली. कच्छमधील बन्नीचे गवताळ रान हे याचे ठळक उदाहरण. खारटपणा पसरू नये म्हणून १९६० च्या दशकात तेथे परदेशी बाभूळ पेरण्यात आली. ती इतकी माजली की तेथील लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणू लागले. म्हशींना चारा देणारे गवत तिच्याखाली झाकले गेले. आपल्याकडे १९८० च्या दशकात सुबाभळीचा असाच गाजावाजा झाला. चारा देणारे, सरपण देणारे झाड म्हणून ती बांधाबांधावर आली. आज जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या मराठी बांधवांनी रस्त्यांच्या दुभाजकांत आणि वसाहतींच्या कुंपणांना हे गर्द हिरवे झाड पाहिले असेल. त्याच्या परागकणांमुळे श्वसनाचे त्रास होतात आणि मुळे गटारांत व भूमिगत तारांत शिरतात, अशी कारणे देऊन गुजरातच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली. लावण्यासाठी जो खर्च झाला तो झालाच. काढण्याचा खर्च निराळा.

मंडळी, या सर्व झाडांची शिफारस करताना कोणते गुण सांगितले गेले, ते आठवून पाहा. “पाणी लागत नाही, गुरे खात नाहीत, झपाट्याने वाढते, कोठेही जगते.” रोपवाटिकेत आजही हेच ऐकू येते. परंतु आक्रमक वनस्पतीची लक्षणे तरी दुसरी कोणती आहेत? म्हणून कोणी एखाद्या रोपाची अशा शब्दांत स्तुती करू लागला, तर आपण अधिक सावधपणे चौकशी करावी.

माझ्या अंगणातील वेल

आता माझी दुसरी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी घराच्या गडग्याशी मी एका पिवळ्या फुलांच्या वेलीचे चार तुकडे आणून लावले. वेडेलिया किंवा सिंगापूर डेझी या नावांनी ती विकली जाते. हॉटेलांच्या आवारांत, रस्त्यांच्या कडेला, कार्यालयांसमोर ती आपण सर्वत्र पाहतो. पहिल्या पावसाळ्यात अंगण सोन्यासारखे दिसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुकडे मागून नेले आणि मी ते मोठ्या आनंदाने दिले.

दुसऱ्या पावसाळ्यात ती गडगा ओलांडून शेजारच्या कुळागरात, सुपारीच्या बुंध्यांशी पोहोचली. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. शेजारी सज्जन, त्यांनी तक्रार केली नाही, स्वतःच उपटीत बसले. मी लाजेने सारी वेल उपटून व्हाळाच्या काठावर नेऊन टाकली. ही तर पहिल्याहून मोठी चूक झाली. पुराच्या पाण्याबरोबर तुकडे खाली गेले आणि यंदा व्हाळाच्या दोन्ही काठांवर पिवळी फुले डोलत आहेत. जेथे बायका ब्राह्मीची पाने खुडीत असत, तेथे आता ती वेल आहे. मी दर रविवारी तेथे जाऊन ती उपटतो. परंतु चार तुकड्यांचे काम आता माझ्या एकट्याच्या आवाक्यात राहिलेले नाही.

आपल्या तळीकाठी काय लावावे?

सभेपूर्वी मुख्याध्यापकांनी मला एक यादी दाखवली. पंचायतीच्या सुशोभन योजनेतून शाळेचे आवार, तळीचा काठ आणि रस्त्याची कड येथे येत्या पंधरवड्यात लागवड व्हावयाची आहे. यादीत वेडेलिया आहे, रंगीत घाणेरीच्या कुंड्या आहेत, रस्त्यासाठी आफ्रिकन ट्युलिपची झाडे आहेत आणि तळीत सोडण्यासाठी जलपर्णी आहे. यादी करणाऱ्यांचा दोष नाही; बाजारात स्वस्त आणि मुबलक मिळते तेच यादीत येते. परंतु या चारही जाती मघाशी सांगितलेल्या अथवा तत्सम उपद्रवी याद्यांतल्या आहेत. घाणेरीच्या काही जाती वंध्य म्हणून विकल्या जातात. त्या सर्वच पूर्णपणे वंध्य असतात असे नाही. अजून रोपे विकत घेतलेली नाहीत. तेव्हा माझी सरपंचांना आणि सभासदांना नम्र विनंती आहे की, ही यादी बदलावी.

बदलून काय घालावे? कुंपणासाठी मेंदी, अडुळसा, कोरांटी, निर्गुंडी किंवा करवंद आहे. फुलांसाठी अबोली आणि पिटकुळी आहे. आपल्या घरी माळल्या जाणाऱ्या अबोलीहून शोभिवंत असे काय आहे? रस्त्याच्या कडेला तामण, बहावा, करंज लावावेत. लाल फुलेच हवी असतील तर पांगारा आणि पळस आहेत. शाळेच्या आवारात सावलीसाठी बकुळ, सुरंगी, जांभूळ लावावे. एखादे भिरंड असावे, म्हणजे मुलांना सोले कशाची करतात ते पाहावयास मिळेल. जमीन झाकण्यासाठी साधी हरळी पुरे. तळीत कमळ किंवा कुमुद सोडावे. आणि सड्यावर काय लावावे असे कोणी विचारले, तर माझे उत्तर असे की, सड्यावर काहीही लावू नये. त्याला त्याचे गवत आणि फुले पुरेशी आहेत. रोपांच्या संख्येचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी सडा खणू नये, ही गोष्ट आम्हां अधिकाऱ्यांनीही लक्षात ठेवली पाहिजे.

ही झाडे सावकाश वाढतात, पहिली दोन-तीन वर्षे पाणी आणि राखण मागतात, हे खरे आहे. परंतु राखण करणारे हात येथे, माझ्यासमोरच बसले आहेत.

आलेले काढावे कसे?

जे पसरले आहे ते काढताना काही पथ्ये पाळावी लागतात. घाणेरी वरवर छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी रीत विकसित केली आहे. झुडपाचे मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल तोडून झुडूप उपटावे आणि उलटे करून वाळू द्यावे. मोकळ्या झालेल्या जागी लगेच देशी गवत व झाडे लावावीत; नाहीतर तेथे दुसरी घाणेरी किंवा रानमोडी येते.

रानमोडी फुलण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यात जमीन ओली असतानाच मुळासकट उपटावी. गाजर गवतही फुलण्यापूर्वीच काढावे. मात्र उघड्या हातांनी नव्हे, कारण त्यामुळे त्वचेचे विकार आणि दमा होतो. लहान मुलांना त्या कामास लावू नये. वेडेलिया आणि जलपर्णी यांचा एकही तुकडा व्हाळात, नदीत किंवा शेताच्या कडेला टाकू नये. त्या कोरड्या फरशीवर किंवा कातळावर पसरून पूर्ण वाळू द्याव्यात. आणि एकदा काढले म्हणजे झाले, असे समजू नये. जमिनीत पडलेले बी पुढल्या पावसाळ्यात उगवते. किमान तीन-चार वर्षे दर पावसाळ्यात फेरी मारावी लागते.

शाळेकडे एक विनंती

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. यंदाच्या चवथीपूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या आजोबा-आजीला विचारून माटोळीला बांधल्या जाणाऱ्या वस्तूंची नावे लिहावीत. ती कोठे मिळत होती, आज कोठे मिळतात, आणि जेथे मिळत नाहीत तेथे काय उगवले आहे, हेही लिहावे. यासाठी पैसा लागत नाही. गावाने काय गमावले आणि काय अजून राखता येईल, याचा असा खरा जमाखर्च दुसरा कोणी करून देणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये जगातील राष्ट्रांनी एकत्र येऊन असे ठरवले आहे की, आक्रमक परकीय जातींचा नव्याने होणारा शिरकाव २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाचा. हा संकल्प मोठ्या सभागृहात झाला. परंतु त्याची अंमलबजावणी आपल्या गडग्याशी, तळीकाठी आणि रोपवाटिकेच्या फाटकातच व्हावयाची आहे.

मी तिसरीत असताना लावलेले झाड मला आता एकट्याने उपटता येत नाही. आज येथे बसलेली तिसरीतील मुले पंधरवड्याने जे रोप लावतील, ते त्यांना पुढे अभिमानाने आपल्या मुलांना दाखवता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. ते रोप कोणते असावे, हे ठरवण्यासाठी अद्याप पंधरा दिवस आपल्या हाती आहेत.